शेऱ्याचा रकाना

सोहारच्या कॅम्पात हजेरी मी लावतो.
अकरा वर्षं झाली. चारशे बारा माणसं,
प्रत्येकापुढे महिन्याचे तीस चौकोन.
आला तर पी. नाही आला तर ए.
आणखी एक कोड आहे, एबी.
तो क्वचित लागतो.

ए म्हणजे ॲब्सेंट,
एबी म्हणजे ॲब्स्कॉन्डिंग.
एका आईची पोरं असावीत तसे
ॲब्सपर्यंत हातात हात घालून येतात,
मग एक जण तिथंच खाली बसतो
आणि दुसरा पळत सुटतो.
बसलेल्याचा पगार कापतात.
पळणाऱ्याचा फोटो पाठवतात, तीन ठिकाणी,
ऑफिसच्या भाषेत आणि अरबीत.

एल्लय्या सहा दिवस आलेला नाही.
आर्मूरकडचा. लोखंडी पाइपांची मचाणं बांधायचा.
मी देगलूरचा. आमच्या बाजाराला दोन्ही भाषा येतात,
म्हणून तो मला तेलुगूत शिव्या घालायचा
आणि उधार मात्र मराठीत मागायचा.

सातव्या दिवशी चार वाजता शीट बंद होते.
"एकच अक्षर तर वाढवायचंय,"
रोवेना मॅडम म्हणाल्या
आणि जेवणाचा डबा उघडून बसल्या. भात, वाळका मासा.
त्यांचंही खरं आहे. नियम त्यांनी थोडाच केला.

दुपारच्या सुट्टीत त्याच्या खोलीत जाऊन आलो.
वरचा पलंग. चादर ओढून सारखी केलेली.
पत्र्याच्या भिंतीला हात लावला तर भाजत होता.
दोरीवर त्याचे मोजे,
सहा दिवसांत वाळून पापडासारखे कडक.
पळणारा माणूस मोजे धुऊन जातो का?
एक म्हणाला, घरून फोन आला होता.
एक म्हणाला, समुद्राकडे गेला, चालत.
तिसऱ्यानं कूस बदलली.
पासपोर्ट आमच्या कपाटात आहे,
किल्ली माझ्या खिशात.

गैरहजर म्हटलं
की बाकावरची रिकामी जागा दिसते,
शेजारच्याचं दप्तर तिच्यावर सरकलेलं.
फरार म्हटलं की नुसती धूळ दिसते, माणूस दिसत नाही.
परागंदा म्हणावं
तर मागे दुष्काळ लागतो, निदान दंगल तरी.
बेपत्ता म्हणावं
तर आधी पत्ता असावा लागतो. त्याचा पत्ता
ब्लॉक सी, खोली एकोणीस, वरचा पलंग.

मागच्या रविवारी बायको फोनवर सांगत होती,
सिलिंडर आणि तुरीच्या भावाच्या मधे कुठंतरी,
रेशनकार्डावरचं तुमचं नाव कमी झालं.
कारकुनानं विचारलं, कुठं असतात?
म्हटलं, बाहेर.
बाहेर म्हणजे? तो म्हणाला.
मी काय सांगणार?
त्यानं मग पट्टी ठेवून लाल रेघ मारली,
सरळ आली हो अगदी.
मी म्हणालो, बरं.
तुरीचा भाव पुन्हा विचारला.

तीन वाजून बावन्न मिनिटं.
चौकोनात ए टाकला.
बी वर बोट ठेवलं. दाबलं नाही.
शेजारी शेऱ्याचा रकाना आहे,
अकरा वर्षांत तो कुणी वाचलेला नाही.
तिथं टाइप केलं, त्यांच्याच अक्षरांत,
कारण आपली अक्षरं त्या यंत्रात नाहीत:
बाहेर.

मॅडमनी वाचलं नेमकं आजच.
हे कुठल्या भाषेतलं? अर्थ काय?
मी म्हटलं, अंगणात असला तरी म्हणतात,
नऊशे कोसांवर असला तरी म्हणतात.
मग ॲब्सेंटच की, त्या म्हणाल्या.
नाही, म्हटलं.
मग दुसरं?
तेही नाही.
त्यांनी चष्मा काढून पुसला
आणि शीट बंद केली, चार वाजून पाच मिनिटांनी.

आज सकाळी दोरीवर मोजे नव्हते.
वाऱ्यानं नेले, कुणी उचलले,
की ज्याचे त्यानं येऊन काढले,
मी विचारलं नाही.
आठव्या चौकोनात कर्सर लुकलुकतो आहे.